गंजाची राखण

रत्नागिरीत लोखंड गंजतं हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. खिडकीचे गज, सायकलची चेन, विहिरीचा रहाट, यांना विचारा. माझ्या सासूबाई नवी विळी घरात आली की भाजीच्या आधी तिला खोबरेल तेल दाखवायच्या. तरीही देश स्वतंत्र झाल्यावर थोड्याच वर्षांत दिल्लीतल्या शहाण्या माणसांना वाटलं की खाऱ्या हवेत लोखंड नेमकं कसं आणि किती गंजतं याचा अभ्यास झाला पाहिजे. म्हणून एका राष्ट्रीय वैज्ञानिक संस्थेने आमच्या गावाबाहेरच्या सड्यावर, समुद्राकडे तोंड केलेल्या त्या उघड्या कातळावर, एक केंद्र काढलं. केंद्राचं सरकारी नाव दोन ओळींचं होतं. गावाने ते कधीच उच्चारलं नाही. गाव म्हणायचं, गंज ऑफिस.

त्या गंज ऑफिसात मी बावीस वर्षं टायपिस्ट होते.

मी लागले तेव्हा तिथे पाच शास्त्रज्ञ होते. पाचांपैकी दोघांचं लक्ष बदलीच्या अर्जावर असायचं, एक होमिओपॅथीच्या गोळ्या द्यायचे, एक कुणाशी बोलत नसत, आणि उरलेले एक, जे पुढे केंद्रप्रमुख झाले, ते एकाच शोधनिबंधाची प्रस्तावना मला इतक्या वेळा टाइप करायला देत की ती मला रामरक्षेसारखी पाठ झाली होती. गंज मोजायचं एक परदेशी यंत्र व्हरांड्यात खोक्यातच होतं. त्याला लागते तशी वीज आमच्याकडे नव्हती. वीज आली तोवर खोक्यावर कापड घालून आम्ही सात-आठ सत्यनारायण उरकले होते. शेवटी खोकं उघडलं तर आतलं यंत्र गंजलेलं. साहेबांनी त्यावर टिपण लिहिलं, मी ते टाइप केलं, आणि यंत्र पुन्हा खोक्यात गेलं. पुढच्या वर्षी पूजेला चौरंग शोधावा लागला नाही.

हसायचं, पगार घ्यायचा आणि घरी जायचं, असं माझं चाललं होतं. मी त्या लोकांपेक्षा शहाणी आहे अशी माझी पक्की समजूत होती.

नवं शतक लागलं त्या सुमारास केंद्राची पन्नाशी आली. दिल्लीहून पत्र आलं की सुवर्णमहोत्सव साजरा करा, महासंचालक स्वतः येतील, आणि केंद्राच्या प्रारंभीच्या काळाचा इतिहास देणारी स्मरणिका काढा. केंद्रप्रमुखांनी मला बोलावलं. मी एका स्थानिक दिवाळी अंकात फणसावर लेख लिहिला होता, तो कुणीतरी त्यांना दाखवला होता.

"तुम्हाला लिहिण्याची आवड आहे म्हणे," ते म्हणाले. सरकारी ऑफिसात आवड कळली की तिचं काम होतं. "इतिहासाची दहा पानं करा. माझा भाग मी देतो."

त्यांचा भाग सात पानांचा निघाला. ते केंद्रात आल्यापासूनचा.

"आणि आधीचं?" मी विचारलं.

"टाका काहीतरी. दूरदृष्टी, पायाभरणी, प्रतिकूल परिस्थिती. तीन पानं कशी भरायची ते तुम्हाला कळतंच."

मला कळत होतं. एका दुपारी बसून मी भरलीही असती. पण दूरदृष्टी हा शब्द मी तोवर इतक्यांदा टाइप केला होता की त्या दिवशी त्याची शिसारी आली, आणि रविवारी मी बस पकडून मिरजोळ्याला आबांकडे गेले.

आबा आमच्या केंद्राचे खलाशी. सरकारच्या यादीत त्यांचं पद तेच होतं, आणि जन्मात ते होडीत बसले नव्हते. देवरूखकडच्या डोंगरातल्या गावातून ते लहान वयात आले आणि केंद्राची पहिली कुदळ पडली त्या दिवशी कामाला लागले. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली होती. मुलगा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, त्याच्याकडे ते राहत. तरी दर गुरुवारी ते बसने येऊन सड्यावर चढत, मांडवाभोवती एक फेरी मारत आणि ऑफिसात पाणी पिऊन परत जात. शास्त्रज्ञ त्यांना हसत. खरं सांगायचं तर मीही हसत असे.

मांडव म्हणजे काय ते सांगते. सड्यावर लाकडी खांबांचे उतरते सांगाडे उभे केलेले, आणि त्यांच्यावर चिनी मातीच्या खुंट्यांना वहीएवढे लोखंडी पत्रे लावलेले. प्रत्येक पत्र्यावर ठोकलेला नंबर. पत्रा लावण्याआधी तोलायचा, ठरल्या वेळेला उतरवायचा, गंज काढून पुन्हा तोलायचा. जेवढं वजन कमी भरलं तेवढं लोखंड समुद्राच्या वाऱ्याने खाल्लं. सगळ्या केंद्राचं शास्त्र ते एवढंच. बाकी सगळं कारकुनी.

"ये गो बाय, बस," आबा म्हणाले. मी कशाला आले ते ऐकून त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं आणि स्वतः भिंतीला टेकून नीट बसले, जशी काही साक्ष द्यायची होती.

"पयला सायब आला ना, तेच्याकडं पत्र्यांची ट्रंक व्हती. पन काटा नाय. काटा दिल्लीवरना यायचा व्हता. पाऊस तोंडावर आला तरी काटा नाय. मग सायब मना बोलला, गावात बारीक तोलतो कोन? मी बोललो, सोनार."

तर आपल्या राष्ट्रीय संशोधनाची पहिली वजनं आमच्या बाजारपेठेतल्या सोनाराच्या काट्यावर झाली. सोनार आधी तयार होईना. सोन्याच्या काट्यावर लोखंड ठेवलं तर लक्ष्मी रुसेल, असं त्याचं म्हणणं. पहिल्या साहेबांनी त्याच्याशी वाद घातला नाही. रोजचं तोलणं संपलं की स्वतःच्या बोटातली सोन्याची अंगठी काढून ते काट्यावर ठेवायचे, म्हणजे काटा पुन्हा शुद्ध. असे सगळे पत्रे तोळे, मासे, गुंजांत तोलून झाले. मी पुढे ती पहिली वही कपाटाच्या तळातून काढून पाहिली. खरंच तोळे-मासे होते, आणि समोर बारीक अक्षरात केलेलं रूपांतर. त्या वहीत एक नोंद होती: नारळ, एक.

तो नारळ राखणीचा. आमच्याकडे प्रत्येक जागेला तिचा राखणदार असतो, त्याला विचारल्याशिवाय कुदळ मारत नाहीत. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी साहेबांना तसं सांगितलं. साहेबांनी नारळ आणवला, स्वतः ठेवला आणि खर्चाच्या नोंदीत खरं कारण लिहिलं. तेव्हापासून दर मार्गशीर्षात आबा सड्यावर नारळ देत आले. निवृत्त झाल्यावरही.

"आनि ती शेवटची रांग," आबा म्हणाले. "सा पत्रे. सायब बोलला, हे पन्नास वर्सांनी उतरवायचे. तोवर हात लावायचा नाय. पावसानं काय करायचा ता करूं दे. मी बोललो, सायब, पन्नास वर्सांनी तुमी कुटं, आमी कुटं. तर हसला. बोलला, मी नसेन रे. तू लहान हायस, तू काढ."

पहिले साहेब पुढे दिल्लीला गेले आणि तिथेच वारले. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, कार्यक्रमाच्या दिवशी मना काढूं देतील ना?"

मला तेव्हा कळलं की दर गुरुवारी हा माणूस सड्यावर कशाला चढतो. भंगारवाले, गुरं, वणवे, दारू प्यायला येणारी टोळकी, या सगळ्यांपासून त्याने ते सहा पत्रे पन्नास वर्षं राखले होते. आमच्यापैकी एकानेही कधी हे काम त्याला सांगितलं नव्हतं. "मी सांगते साहेबांना," मी म्हणाले.

सांगितलंही. साहेब म्हणाले, "पहिला पत्रा महासंचालक उतरवतील. फोटो आहे. नंतर काढू दे त्यांना एखादा."

मी तीन पानं मनापासून लिहिली. सोनाराचा काटा लिहिला, अंगठी लिहिली. साहेबांनी दोन्ही काढून 'स्थानिक उपकरणांच्या साहाय्याने' असं केलं. नारळाच्या जागी 'स्थानिक जनतेच्या सदिच्छा' आल्या. पण शेवटच्या रांगेचं वाक्य त्यांना फार आवडलं. 'पन्नास वर्षांपूर्वी लावलेली ही रांग आजतागायत अस्पर्श आहे.' ते त्यांनी ठळक अक्षरात घ्यायला लावलं.

त्याच आठवड्यात रंगकाम निघालं.

सरकारी जागेत मोठा साहेब येणार असला की जे हलत नाही त्याला रंग लागतो. दगडांना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू, झेंड्याच्या खांबाला चंदेरी. ही आपली रीतच आहे, तिच्यात कुणी डोकं घालत नाही. आमचे अधीक्षक तर त्यात पटाईत. त्यांनी एका कागदावर यादी खरडून माझ्या टेबलावर टाकली आणि रंगाऱ्याला द्यायचा कामाचा आदेश टाइप करायला सांगितला. फाटक, कुंपण, पाण्याची टाकी, मांडव. यादी हास्यास्पद होती. टाकी दोनदा आली होती, झेंड्याच्या खांबाचं स्पेलिंग चुकलं होतं. मी मनातल्या मनात अधीक्षकांच्या अकलेचे वाभाडे काढत ते सगळं इंग्रजीत सुबक केलं. शेवटी त्यांच्याच कागदावर होतं तसं लिहिलं: मांडव आणि त्यावरील सर्व लोखंडी साहित्य. केंद्रप्रमुखांनी न वाचता सही केली. ते काहीच वाचत नसत, स्वतःची प्रस्तावना सोडून.

मी मात्र वाचलं होतं. अक्षर न् अक्षर.

आता कुणी विचारेल, कार्यक्रमापर्यंतच्या तीन आठवड्यांत कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? मांडव ऑफिसपासून दहा मिनिटांच्या चालीवर होता, उन्हात. एवढ्या उन्हात शास्त्र करायला आमच्यातलं कुणी जात नसे. महिन्याचे पत्रे शिपाई बदलून आणायचा, आणि तो त्या महिन्यात मंडपवाल्याच्या मागे होता. बावीस वर्षांत मी स्वतः तिथे चार-पाचदा गेले असेन. आबा आले असते, पण त्यांचा गुडघा सुजला होता आणि मुलाने त्यांना कार्यक्रमापर्यंत घराबाहेर पडू दिलं नाही.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. महासंचालक आले, हार झाले, भाषणं झाली. दूरदृष्टी किती वेळा आली ते मी मोजायचं सोडून दिलं. मग सगळी वरात सड्याकडे निघाली, पुढे महासंचालक, मागे आम्ही. आबा कुंपणापाशी आधीच येऊन उभे होते. इस्तरीचा पांढरा सदरा, टोपी, काठी, हातात पिशवी, पिशवीत नारळ. उन्हाकडे तोंड होतं म्हणून त्यांना अजून काही दिसलं नव्हतं.

आम्हाला दिसलं. मांडव नखशिखान्त चंदेरी. खांब चंदेरी, पत्रे चंदेरी, चिनी मातीच्या खुंट्यासुद्धा चंदेरी. शेवटची रांग नव्या भांड्यांसारखी लखलखत होती.

महासंचालक खूश झाले. "पन्नास वर्षं काय सुंदर राखलंय!" ते म्हणाले.

इथे मी आमच्या पाची शास्त्रज्ञांकडे बघितलं. पाचांनाही कळलं होतं. होमिओपॅथीवाल्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आणि मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. महासंचालकांच्या हातात पाना दिला. त्यांनी पत्रा सोडवला, आरशासारखा छातीशी धरला, आणि फोटो निघाला. टाळ्या मीही वाजवल्या.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, मागाहून सांगायची इच्छा उरणार नाही. रंगारी हा त्या सगळ्या प्रकरणातला एकमेव इमानी कामगार होता. त्याने आधी पत्रे तारेच्या ब्रशने खरवडले, पन्नास वर्षांचा गंज झटकून टाकला, वर पॉलिश पेपर मारला, मग लाल अस्तर, मग चंदेरीचे दोन हात. त्यामुळे समुद्राने किती खाल्लं आणि रंगाऱ्याने किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. केंद्रप्रमुखांना आलं. त्यांनी आलेखातल्या आधीच्या वर्षांच्या टिंबांवर पट्टी धरली, रेघ पुढे ओढली आणि पन्नासाव्या वर्षावर एक टिंब दिलं. तो अहवाल मी टाइप केला. त्यावर त्यांना बढती मिळाली, पुण्याला. त्यांच्या निरोपसमारंभाचं भाषणही मीच टाइप केलं.

तर त्या दिवशी फोटो झाल्यावर वरात जेवणाकडे वळली. पुरी, बटाट्याची भाजी आणि शिरा होता, त्यामुळे सडा पटकन रिकामा झाला. मी आबांना द्यायला स्मरणिका आणली होती, म्हणून मागे राहिले. ते काठी टेकत मांडवापाशी गेले. पिशवी खाली ठेवली. शेवटच्या रांगेतल्या दुसऱ्या पत्र्यावर त्यांनी बोट फिरवलं, मग नखाने खरवडलं. चंदेरी निघाली, तिच्याखाली लाल, त्याच्याखाली स्वच्छ लोखंड.

"गंज कुटं गेला?" ते म्हणाले.

तिसरा पत्रा, चौथा पत्रा, त्यांनी उरलेले पाची पत्रे नखाने तपासले. पहिल्याची खुंटी रिकामी होती. घाई नव्हती, राग नव्हता. हरवलेलं जनावर माणूस शोधतो तसे ते एकेक जागा बघत गेले.

"रंग मारायला कोनी सांगितलान?"

"साहेबांनी," मी म्हणाले. "सही त्यांची आहे."

ते खोटं नव्हतं. सही त्यांचीच होती. पण सरकारी पत्राच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, एका तिरक्या रेघेच्या पुढे, ज्याने टाइप केलं त्याची आद्याक्षरं असतात. इतकी बारीक की ती कुणी बघत नाही. त्या कोपऱ्यात माझी होती.

आबा खाली कातळावर बसले. वारा चांगला होता, खाली समुद्र भरतीला लागला होता.

"तुला म्हायत नव्हता ना गो?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"म्हनून," ते म्हणाले. "तुला म्हायत असता तर तू थांबवलं असतंस. त्या लोकांचा सोड. ती शिकलेली मानसा, तेंच्या डोळ्यांस दिसत नाय. तू येवडी मिरजोळ्यास आलीस, माजा सगळा ऐकून घेतलंस, लिवलंस. दुसरा कोन आला?"

मग ते उठले. मी हात दिला तो त्यांनी धरला. पिशवीतून नारळ काढला, मांडवाच्या पहिल्या खांबाशी ठेवला, हात जोडून तोंडातल्या तोंडात राखणदाराशी काहीतरी बोलले आणि कातळावर नारळ फोडला. एक भकल तिथे ठेवलं. दुसरं माझ्या हातात दिलं.

"घरी ने. राखनीचा हाय."

त्यानंतर आबा सड्यावर आले नाहीत. मी मिरजोळ्याला गेले नाही. काय तोंडाने जाणार होते? त्या ऑफिसातल्या एकेका माणसाची मी आयुष्यभर टर उडवली, आजही उडवते, आणि त्यातला एकही शब्द मागे घ्यायची माझी तयारी नाही. पण ते पाच जण मूर्ख होते. मी मूर्ख नव्हते. मला सोनार माहीत होता, अंगठी माहीत होती, सहा पत्रे माहीत होते, आणि अधीक्षकांच्या स्पेलिंगला हसता हसता मी ते सगळे रंगवायचा आदेश एकही चूक न करता टाइप केला होता.

त्या संध्याकाळी मी नारळाचं ते भकल घरी नेलं. सासूबाईंनी विचारलं, कुठला? मी म्हटलं, ऑफिसातला. त्यांनी ते खवलं आणि आमटीत घातलं. नारळ गोड निघाला. मी दोनदा भात घेतला.